लाजरीचा काटा आणि हवेची मॅट

शाळेतल्या एका बाईंनी परवा विचारलं, "तुमची ती फुगवायची मॅट कितीला पडली?" त्यांना मुलाला घेऊन पहिल्यांदाच डोंगरात मुक्कामाला जायचंय. मी म्हटलं, दोन हजार चारशे. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि बोलणं तिथेच राहिलं. घरी येताना बसमध्ये मात्र सारखं वाटत होतं की हे उत्तर अर्धंच दिलं. त्या २,४०० च्या आधी १,१५० रुपयांची एक मॅट मी सुर्ल्याच्या कातळावर घालवली होती. आणि आत्ता वापरते ती मॅटसुद्धा बाबा नसते तर पहिल्याच वर्षी कचऱ्यात गेली असती. म्हणून त्यांच्यासाठी, आणि अजून कुणाला उपयोग झाला तर त्यांच्यासाठीही, सगळं सविस्तर लिहिते.

मी डिचोलीला राहते आणि सत्तरीतल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमचा सात-आठ जणांचा गट आहे. दिवाळी झाली की होळीपर्यंत महिन्यातून एकदा तरी सॅक पाठीवर टाकून कुठेतरी एक-दोन रात्री राहून यायचं, हे पंधरा वर्षं चाललंय. त्यातली पहिली बरीच वर्षं मी साध्या कॅरीमॅटवर झोपले. फोमची काळी गुंडाळी, सॅकला आडवी बांधायची, बास. ती फुटत नाही, तिला फुगवावं लागत नाही, दुपारी जेवायला बसायला कामाला येते. मला तिच्याबद्दल आजही माया आहे. पण २०२१ मध्ये कमरेची चकती सरकली आणि तीन महिने शाळेत जाणंसुद्धा बंद होतं. बरी झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, चाला हवं तेवढं, पण कडक जमिनीवर झोपणं सोडा. मी कुशीवर झोपणारी. सेंटीमीटरभर फोमवर कुशीवर झोपलं की खांदा आणि कमरेचं हाड सरळ दगडाला टेकतं. म्हणजे एक तर डोंगर सोडायचा, नाही तर हवेची मॅट घ्यायची.

पहिली मॅट मी अगदी नवख्या माणसासारखी घेतली. जाड दिसली, उशी जोडलेली होती, आणि एका टोकाला पायाने दाबून हवा भरायचा पंप मॅटमध्येच बसवलेला होता. दहा सेंटीमीटर जाडी, ९०० ग्रॅम वजन असं लिहिलेलं. घरी आल्यावर चवथीचे लाडू मोजायच्या काट्यावर ठेवली तर पिशवीसकट १,०४० ग्रॅम भरली. तिथेच मला थोडं थांबायला हवं होतं. पण कमरेखाली दहा सेंटीमीटर हवा असणार या कल्पनेनेच मी इतकी खूश होते की दुसऱ्याच शनिवारी ती सॅकमध्ये गेली.

सुर्ला म्हणजे चोर्ला घाटातलं. तांबडी सुर्ला वेगळं आणि आमच्या डिचोली तालुक्यातलं सुर्ल आणखी वेगळं; बाहेरच्या माणसांचा इथे नेहमी घोळ होतो. हा परिसर म्हादई अभयारण्याचा. १९९९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटरचं. तिथे रानात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वन खात्याची परवानगी लागते आणि ती लागावीच. आम्ही परवानगी काढून, वाटाड्या घेऊन दिवसभर चालतो आणि रात्री गावात ओळखीच्या घराच्या अंगणात पडतो. शेणाने सारवलेलं अंगण, एका बाजूला माड, पुढे उतारावर काजू. जानेवारीत पणजीत पंखा लावून झोपणारी माणसं तिथे रात्री दुसरी शाल मागतात.

तर त्या अंगणात रात्री दोनच्या सुमाराला कमरेचं हाड जमिनीला टेकलं आणि मला जाग आली. झोपताना टणक फुगवलेली मॅट मऊ पडली होती. वाटलं, गेली, पंक्चर झाली. अंधारात पंप सापडवून पाय मारत बसले. त्यातच पाठ गार पडलेली. वर दोन शाली, अंगात स्वेटर, आणि तरी खालून कुणी ओलं फडकं लावल्यासारखं वाटत होतं. शेजारी गटातले काका त्यांच्या जुन्या कॅरीमॅटवर गाढ झोपले होते.

या दोन्ही गोष्टींची कारणं मला नंतर कळली, आणि ती आधी माहीत असती तर पहिली मॅट मी घेतलीच नसती.

मऊ पडण्याचं कारण भोक नव्हतं. हवा गार झाली की आकसते. तोंडाने किंवा पंपाने संध्याकाळी ऊन-ऊन हवा भरली, पहाटे तीच हवा बारा-पंधरा अंशांनी उतरली, की चार-पाच टक्क्यांनी तिचा दाब कमी होतो. टणक मॅटमध्ये एवढा फरक अंगाला लगेच जाणवतो. म्हणून आता मी हवा संध्याकाळी भरते आणि झोपायच्या अगदी आधी, मॅट गार जमिनीवर तासभर पडून राहिली की, वरून दोन फुंका मारते. एवढ्यावर रात्रभर भागतं. शिवाय नवी मॅट पहिल्या एक-दोन रात्री थोडी ताणली जाते, त्यामुळेही सैल वाटते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण चांगली मॅट गळते म्हणून परत पाठवतात.

गारव्याचं कारण जास्त महत्त्वाचं. मला वाटायचं, जाड मॅट म्हणजे ऊबदार मॅट. तसं नसतं. आत नुसती मोकळी हवा असेल तर ती खेळत राहते. अंगाने तापलेली हवा खालच्या गार हवेत मिसळते आणि ऊब सगळी जमिनीला देऊन टाकते. फोममध्ये हवा बारीक बारीक बुडबुड्यांत कोंडलेली असते, तिला हलताच येत नाही. म्हणून काकांची सेंटीमीटरभर कॅरीमॅट माझ्या दहा सेंटीमीटर हवेपेक्षा ऊबदार होती. ही ऊब मोजायचं एक माप आहे, त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा छापायची. २०१८ मध्ये एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेने एफ३३४० नावाची एकच चाचणी ठरवून दिली, तेव्हापासून वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. आत काही न घातलेल्या हवेच्या मॅटची आर-व्हॅल्यू साधारण एक ते दीड. घडीच्या चांगल्या फोम मॅटची दोनच्या आसपास. बर्फात झोपायचं तर चारच्या वर हवी. आणि एकावर एक दोन मॅट टाकल्या तर दोघींचे आकडे चक्क मिळवायचे, पहिलीतल्या बेरजेसारखे.

स्वस्त मॅटवर आर-व्हॅल्यू बहुतेक वेळा नसतेच. त्याऐवजी "उणे पाच अंशांपर्यंत" असं काहीतरी मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्या आकड्यावर अजिबात जाऊ नका. गोव्यात आणि खालच्या सिंधुदुर्गात दीडची मॅट पुरते. सुर्ल्याला डिसेंबर-जानेवारीत तिच्या जोडीला पातळ फोम हवा. हिमालयात जायचं असेल तर ही स्वस्त मॅट घेऊन जाऊ नका, एवढंच मी सांगू शकते.

पहिल्या मॅटचा शेवट दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. दव पडून ती ओली झाली होती, म्हणून मी ती तशीच फुगलेली, व्हॉल्व्ह बंद करून, घरामागच्या जांभ्याच्या कातळावर उन्हात टाकली आणि आम्ही पेज जेवायला बसलो. गडद निळा रंग, खाली काळा पडलेला कातळ, वर दहाचं ऊन. फट्‌ असा आवाज नाही आला. मी हात धुऊन गेले तर मधल्या दोन आडव्या कप्प्यांच्या जागी पुरी फुगावी तसा एकच मोठा गोळा झाला होता. आतली जोडणी सुटली होती. हवा जात नव्हती, भोक कुठेच नव्हतं, पण तिच्यावर झोपलं की माणूस लोळून बाजूला पडायचा. विकणाऱ्याला फोटो पाठवले; त्यांनी उन्हाचं कारण सांगून हात वर केले. चूक माझीही होती. पण वापरायच्या सूचनेत उन्हाबद्दल एक ओळ असती तर मला कळलं असतं, आणि त्याचा राग मला अजून आहे.

या मॅट आतून कशा असतात हे त्या मॅटनेच दाखवलं. मी ती घरी आणून कात्रीने उभी कापली. वरचं कापड आणि खालचं कापड गरम दाबाने एकमेकांना ठिकठिकाणी चिकटवलेलं असतं, त्या चिकटवलेल्या रेघांमुळे मॅट फुग्यासारखी गोल न होता सपाट राहते. सगळा भार त्या रेघांवर. माझ्या मॅटमध्ये त्या रेघा जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद होत्या, आणि वळणावर तर केसाएवढ्या. भोक बुजवता येतं. सुटलेली रेघ घरी बुजवता येत नाही, कारण ती आतल्या बाजूला असते. तेव्हापासून मॅट पाहताना मी आधी दोन प्रश्न विचारते: ही कशाने मरेल, आणि ते मला दुरुस्त करता येईल का? जाडी, वजन, रंग सगळं त्यानंतर.

दुसरी मॅट निवडायला मला दोन महिने लागले. महागड्या मॅट कशा असतात तेही वाचलं. थर्म-अ-रेस्ट या कंपनीची गोष्ट मला आवडली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिएटलला बोइंगमधली नोकरी गेलेल्या अभियंत्यांनी, बागकाम करताना गुडघ्याखाली घ्यायच्या फोमच्या तुकड्यावरून आपोआप फुगणाऱ्या मॅटची कल्पना काढली. १९७२ मध्ये कंपनी सुरू झाली. आज त्यांची निओएअर एक्सलाइट ही मॅट ३७० ग्रॅमची आहे आणि तिची आर-व्हॅल्यू साडेचार. अमेरिकेत तिला दोनशे डॉलरच्या आसपास पडतात. मला गोव्याच्या डोंगरात साडेचार नकोच आहे, त्यामुळे तो मोह पटकन गेला.

मग बाजारात एक ते तीन हजारांत जे मिळतं त्यात काय बघायचं? सगळ्यात आधी कापड. पीव्हीसीची मॅट स्वस्त असते, उघडली की नवीन रेनकोटचा वास येतो, जड असते आणि थंडीत कडक होते. दुसरा प्रकार नायलॉनचा, ज्याला आतून टीपीयू नावाचं लवचीक अस्तर असतं. ही हलकी, मऊ, जास्त टिकाऊ. नायलॉनच्या जाडीला डेनियर म्हणतात. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. २० डेनियर फार नाजूक, आमच्या सड्यावरच्या खडीला आणि करवंदीच्या काट्यांना ते पुरत नाही. ४० डेनियरचं घ्या, शंभर ग्रॅम वजन वाढलं तरी चालेल.

मग व्हॉल्व्ह. जुन्या पद्धतीचा पिळायचा व्हॉल्व्ह असेल तर फुंकताना तोंड काढलं की हवा मागे येते. आतून पडदी असलेला चपटा व्हॉल्व्ह घ्यावा, हवा आत जाते पण बाहेर येत नाही, आणि आवळायचं झाकण उघडलं की सगळी मॅट दहा सेकंदांत बसते. मॅटमध्येच बसवलेला पायपंप मी पुन्हा कधी घेणार नाही. त्यात फोमचा ठोकळा असतो, तो घडी मोठी करतो, आणि पाणी शिरलं की आमच्या हवेत आठवडाभर सुकत नाही. जोडलेली उशीही नको. ती फुटली की मॅटसकट जाते.

मापाचं म्हणाल तर बहुतेक मॅट १८३ सेंटीमीटर लांब आणि ५१ रुंद असतात. पाठीवर झोपणाऱ्याला पाच-सहा सेंटीमीटर जाडी पुरते, कुशीवर झोपणाऱ्याला सात-आठ. माझी सात सेंटीमीटरची आहे, काट्यावर ५७० ग्रॅम भरली, छापलेलं होतं ५५०. वीस ग्रॅमचा फरक मी माफ केला.

घरी आल्या आल्या ती फुगवून हॉलमध्ये लादीवर टाकली आणि सलग दोन रात्री तिच्यावरच झोपले. परत करायची मुदत असते तेवढ्यात हे करून घ्यायचं. हवा किती भरायची तेही तेव्हाच ठरतं. आधी टणक भरायची, कुशीवर आडवं व्हायचं, मग व्हॉल्व्ह किंचित दाबून हवा सोडत जायची आणि तळहात कमरेखाली घालून पाहायचं. हाड आणि लादी यांच्यात दोन बोटांचं अंतर राहिलं की थांबायचं. बहुतेक जण फार टणक भरतात आणि सकाळी म्हणतात, झोप लागली नाही, फळीवर झोपल्यासारखं वाटलं. टणक भरली की जोडणीच्या रेघांवरही उगीच ताण येतो.

आता हवा भरण्याबद्दल, कारण गोव्यात याचं महत्त्व वेगळंच आहे. १८३ गुणिले ५१ गुणिले सरासरी ६ धरलं तर ५६ लिटर होतात. एका सावकाश फुंकेत दोन-अडीच लिटर हवा जाते, म्हणजे पंचवीसेक फुंका. दम लागतो, पण खरा प्रश्न तो नाही. उच्छ्वासातली हवा दमट असते, ती आत गार झाली की अस्तरावर पाणी धरतं. कोरड्या प्रदेशात ते सुकत असेल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलेलासुद्धा बुरशी येते. मी पहिल्या वर्षी मॅट तशीच गुंडाळून ठेवली होती. चवथीच्या साफसफाईत काढली आणि उजेडासमोर धरली तर आतल्या बाजूने मिऱ्याएवढे काळे ठिपके दिसले. आतून पुसता येत नाही. ते ठिपके अजून आहेत, वाढले नाहीत एवढंच.

त्यावर उपाय स्वस्त आहे. पावसासाठी सॅकच्या आत जी जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालतो तीच घ्यायची. तिच्या एका कोपऱ्याला व्हॉल्व्हपेक्षा जरा लहान भोक पाडायचं, व्हॉल्व्ह त्यात घालायचा आणि वरून सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग चढवायची. पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून वीतभर लांबून एकच फुंकर मारली की आजूबाजूची हवा तिच्यासोबत आत ओढली जाते आणि पिशवी फुगते. तोंड पिळायचं, छातीशी धरून दाबायचं. पाच-सहा वेळा केलं की मॅट भरते. पावसाच्या दिवसांत सॅक कोरडी ठेवायलाही तीच पिशवी. फक्त कोपऱ्याचं भोक दुमडून रिंग लावायची आठवण ठेवायची.

ट्यूबच्या रिंगा बाबांनी कापून दिल्या. बाबांचं डिचोली बाजारात पंक्चरचं दुकान होतं, पस्तीस वर्षं. सायकली, मग स्कूटर, मग खाणींच्या दिवसांत ट्रकसुद्धा. लहानपणी शाळा सुटली की मी दुकानातल्या बाकावर बसून गृहपाठ करायची आणि ट्यूब पाण्यात धरली की बुडबुडे कुठून येतात ते आधी मी ओळखायची. आता दुकान बंद आहे. पण त्यांचं पितळी घंगाळ घरी आहे.

लाजरीचा, म्हणजे लाजाळूचा, काटा लागला तो सुर्ल्याच्याच अंगणात, दुसऱ्या मॅटच्या तिसऱ्या मुक्कामात. अंगणाच्या कडेला लाजरी वाढली होती, जानेवारीत ती सुकून काटे सुईसारखे झालेले. मी मॅटखाली फक्त पातळ प्लॅस्टिक घातलं होतं. या वेळी मॅट खरोखर बसली, पहाटेपर्यंत पूर्ण सपाट. घरी आणली आणि बाबांसमोर टाकली.

आधी त्यांनी व्हॉल्व्ह पाहिला. झाकणाभोवती साबणाचं पाणी लावलं, थांबले, काही नाही. "नव्वद टक्के लोक आधी ट्यूब फाडतात, आणि हवा जात असते वॉलमधून," असं ते दुकानात म्हणायचे. मग मॅट टणक फुगवून घेतली. एवढी मोठी वस्तू घंगाळात मावेना. तेव्हा ते तिच्या एकेका कप्प्यावरून गाल फिरवत गेले. गाल ओला करून घेतला होता. ओल्या कातडीला बारीकशी हवासुद्धा गार लागते, हे त्यांचं जुनं तंत्र. पंखा बंद, टीव्ही बंद, आई स्वयंपाकघरातून "काय चाललंय?" विचारते आहे, आणि बाबा डोळे मिटून मॅटला गाल लावून बसलेत. पायाकडच्या तिसऱ्या कप्प्यावर ते थांबले. "हांगा." तेवढीच जागा दुमडून घंगाळात बुडवली आणि दाबली. मोहरीएवढा एक बुडबुडा आला, सुटला, मग दुसरा. बॉलपेनने त्याभोवती गोल केला. भिंगातून पाहिलं तर लाजरीच्या काट्याचं टोक तिथेच मोडून राहिलं होतं.

पुढे मात्र आम्ही दोघंही चुकलो. बाबांनी पॉलिश पेपरने जागा खरवडली, सायकलचं सोल्युशन लावलं, पाच मिनिटं सुकू दिलं, रबरी पॅच ठोकून बसवला. ट्यूबवर हा पॅच जन्मभर निघत नाही. सकाळी मी बोटाने कड उचलली तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा अख्खा पॅच हातात आला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला, नख लावून पाहिलं आणि म्हणाले, "हे रबर न्हय. याची जातच वेगळी." अगदी तेच कारण होतं. सोल्युशन रबरात मुरतं, टीपीयूला ते धरत नाही. टीपीयूला युरेथेनचा गोंद किंवा टीपीयूचाच चिकटपॅच लागतो. चांगल्या मॅटसोबत दोन पॅच येतात. ते मी पिशवीसोबत फेकून दिले होते. मग युरेथेन गोंदाची लहान ट्यूब मागवली. जुनं सोल्युशन स्पिरिटने पुसून काढलं, मॅट पूर्ण रिकामी आणि सपाट केली, गोंद रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पातळ पसरला आणि रात्रभर हात लावला नाही. या वेळी खरवडायचं काम बाबांनी अगदी हलक्या हाताने केलं, कारण अस्तर कांद्याच्या सालीइतकं पातळ असतं. तो डाग अजून तसाच आहे. त्यानंतर त्या मॅटवर चाळीसहून जास्त रात्री झोपले आहे.

त्या दिवसापासून मॅटखाली फोम असतोच. जुनी कॅरीमॅट मी कापून खांद्यापासून मांडीपर्यंतची ठेवली आहे, १४० ग्रॅमची. ती काटा अडवते, ऊब वाढवते, आणि हवेच्या मॅटला काही झालंच तर निदान रात्र निघते. गेल्या वर्षी नारूरहून रांगण्याला गेलो, रांगणाईच्या देवळात मुक्काम होता. देवळाची फरशी रात्री अशी गार पडते की नुसत्या हवेच्या मॅटवर मी पुन्हा सुर्ल्यासारखी कुडकुडले असते. खाली फोम होता म्हणून पहाटेपर्यंत जाग आली नाही. नायलॉन मात्र कूस बदलताना कुरकुरतं, घुमटात आवाज मोठा येतो. वर एक जुनी सुती साडी दुहेरी घालून घेतली की तो थांबतो, आणि घामाने अंग मॅटला चिकटतही नाही. आमच्या हवेत सुती साडी ही मॅटइतकीच गरजेची वस्तू आहे असं माझं मत आहे.

एक गोष्ट त्या बाईंना मी उद्या आवर्जून सांगणार आहे, कारण त्या लहान मुलाला घेऊन जाणार आहेत. सत्तरीत डिसेंबरपासून पाऊस सुरू होईपर्यंत माकडतापाचे दिवस असतात. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला; आमच्याकडे २०१५ मध्ये पाली गावात त्याची साथ आली. गोचिडीमधून तो पसरतो, आणि काजू गोळा करायचे दिवसही नेमके हेच. कितीही मऊ मॅट असली तरी ती गोचिडीला अडवत नाही. सुकलेल्या पाल्यावर मॅट टाकायची नाही, जमीन झाडून, सारवलेल्या अंगणात किंवा चारी बाजूंनी बंद जाळीच्या तंबूत झोपायचं. अंगभर कपडे, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग नीट तपासायचं. मॅटसुद्धा दोन्ही बाजूंनी. जवळपास माकड मेलेलं कळलं तर तिकडे जायचंच नाही, बेत रद्द करायचा. त्यांनी एप्रिल म्हटलं आहे. मी त्यांना नोव्हेंबर सुचवणार आहे.

ठेवण्याबद्दल थोडंच. ओल्या फडक्याने पुसून सावलीत सुकवायची, उन्हात नाही. व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा. गुंडाळून पिशवीत कोंबून वर्षभर ठेवू नका, घडी पडलेल्या रेघेवर अस्तर थकतं, आणि दमट हवेत आणखी लवकर. मी ती कपाटात दांडीवर साडीसारखी लोंबती ठेवते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पिशवीने कोरडी हवा भरून पुन्हा सोडते.

येत्या शनिवारी पुन्हा सुर्ल्याला जायचंय. प्रत्येक वेळी निघायच्या आधी मॅट एक रात्र फुगवून हॉलमध्ये ठेवायची ही आता घरची पद्धत झाली आहे. काल रात्री ठेवली होती. पहाटे साडेपाचला चहा करायला उठले तर बाबा माझ्या आधी उठलेले, काठी भिंतीला टेकवून वाकले होते आणि सायकलचं टायर पाहतात तसा अंगठा दाबून एकेक कप्पा पाहत होते. तिसऱ्या कप्प्याशी, डागाजवळ, जरा जास्त वेळ थांबले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "आसा. हवा आसा."